पहिल्या रांगेतली खुर्ची

ब्लॅकपूल, रविवार, २२ सप्टेंबर

गेनॉर,

आशीर्वाद मागाहून. आधी तुझी मान.

फॉक्सट्रॉटमध्ये बाईची मान डावीकडे आणि उंच राहते, हे तुला सातव्या वर्षी येत होतं. काल टीव्हीवरच्या त्या नाचाच्या स्पर्धेत सगळ्या देशासमोर तू जोडीदाराच्या खांद्यावरून अशी डोकावत होतीस, जशी काही त्याच्या मागून बस येतेय आणि ती चुकली तर पुढची तासाभराने. परीक्षकांनी सात-सात दिले. त्या चष्मेवाल्याने आठ दिले. तो एक तर आंधळा आहे, नाहीतर तुझ्या उघड्या पाठीवर भाळला. मी पाच दिले असते, त्यातला एक पोटच्या पोरीचा म्हणून.

इतक्या वर्षांनी म्हातारीला पत्राची उबळ कुठून आली, असं तुला वाटेल. प्रेमाचं वगैरे काही मनात आणू नकोस. जिला मी चालायच्याही आधी ठेक्यावर उभी केली, ती टीव्हीवर गाढवासारखी पाय टाकताना मला बघवत नाही, एवढंच. तुझा पत्ता माझ्याकडे नाही, म्हणून स्टुडिओच्या पत्त्यावर पाठवतेय.

मी घर विकलं. आता म्हाताऱ्यांच्या सदनिकांत राहते. ज्याची त्याची खोली, ज्याचा त्याचा ओटा, आणि खाली सगळ्यांचा मिळून एक हॉल. शनिवारी संध्याकाळी आम्ही सगळे तिथे भिंतीवरच्या टीव्हीसमोर बसतो. बेरिलने टेबलावरच्या चटयांवर आकडे लिहून आणलेत, परीक्षकांच्या आधी आम्ही ते वर करतो. काल मी सांगून टाकलं, "ती दवाखान्याच्या मालिकेतली मेट्रन आहे ना, ती माझी मुलगी."

बेरिल म्हणाली, "काय सांगतेस! मग कधी दिसली नाही ती इकडे?"

"कामात असते."

"माझी पण कामात असते. पण दर रविवारी वेळ काढून येते आणि मला चार शब्द सुनावून जाते."

बेरिलचा नवरा गेला तेव्हापासून तिच्या जिभेला हाड नाही. असो.

नोव्हेंबरात तुमचा सगळा तांडा एका शनिवारसाठी इथे येतो, मनोऱ्याखालच्या आपल्या बॉलरूममध्ये. तोवर तू टिकलीस, तर घरच्यांना पहिल्या रांगेत बसवतात आणि कॅमेरा आईच्या डोळ्यांतलं पाणी शोधत फिरतो, हे मी दर वर्षी बघते. मला त्या रांगेत एक खुर्ची हवी. त्या फरशीवर मी तीस वर्षं नाचले आणि नाचवलं. पहिल्या रांगेत मला आजवर कुणी बसवलेलं नाही. निळा झगा मी कमरेत आवळून घेतलाय.

तेव्हा मान.

तुझी आई


ब्लॅकपूल, रविवार, १३ ऑक्टोबर

गेनॉर,

उत्तर नाही. मीही वाट बघत नव्हते.

तुझ्या टँगोबद्दल बोलायचं तर, टँगो म्हणजे भांडण. तू तो उसन्या साखरेसाठी शेजारणीकडे गेल्यासारखा केलास. तरी बाकीच्यांपेक्षा तू बरी, हे तुझं कौतुक नाही, त्यांची लायकी सांगतेय. तो निवृत्त फुटबॉलवाला पायांनी पोट भरत होता असं म्हणतात. काल ते पाय कुणाचे तरी भाड्याने आणल्यासारखे वाटले. बातम्या देणारी पोरगी हसते इतकी की दात मोजता येतात. आणि तो बागकामवाला! त्याच्या बिचाऱ्या जोडीदारणीने त्याला सबंध क्विकस्टेपभर कपाटासारखा ढकलत नेला. परीक्षकांनी दोन दिले आणि आमच्या लोकांनी त्यालाच मत दिलं. दर वर्षी असा एक ठोंब्या असतो आणि हा देश त्याला हौसेने तगवून धरतो, चांगल्या नाचणाऱ्यांची जिरवायला.

मिस्टर एन्टविसल म्हणाले, "अहो, बिचारा प्रयत्न करतो."

मी म्हटलं, "प्रयत्न करणाऱ्यांसाठी पोहण्याचे तलाव आहेत. फोन उचला आणि गेनॉरला मत द्या."

सगळ्यांनी दिलं. मी एकेकाच्या मागे उभी राहून द्यायला लावलं.

मासिकातली तुझी मुलाखत वाचली. "लहानपणी थोडंफार नाचायचे." थोडंफार! शाळेतून आल्यावर जेवायच्या आधी दोन तास, खांद्यांमागून झाडूचा दांडा घालून, कोपर खाली आले की पहिल्यापासून. दांडा बांधायला लागायचा तो तू टाकून द्यायचीस म्हणून. पायाचं रक्त तुझं एकटीचं नव्हतं, तिथल्या प्रत्येक मुलीच्या मोज्यात होतं, आणि त्यांच्या आया माझ्यापेक्षा वाईट होत्या.

क्लिफबद्दल तू त्या मुलाखतीत चांगलं बोललीस. समुद्रकाठच्या दिव्यांच्या माळा लावणारा बाप, शिडीवरून तुला हात करायचा, वगैरे. खरं आहे. शिडीवरून हात करायला काय लागतं? खाली उभं राहून पोरीला घडवायला कुणीतरी लागतं. त्या शेवटच्या आठवड्याबद्दल तू काही बोलली नाहीस, ते बरं केलंस. मीही लिहिणार नाही. तू तेव्हा जिंकलेला कप अजून माझ्या कपाटावर आहे आणि मी तो पुसते.

खुर्चीचं लक्षात असू दे.

तुझी आई


ब्लॅकपूल, रविवार, २७ ऑक्टोबर

गेनॉर,

मी मेले, हे मला काल साडेसातच्या सुमाराला टीव्हीवरून कळलं.

नाचाआधी ती रडकी फिल्म दाखवतात, ती मला कधीच आवडली नाही. काल तर आठवणींचा आठवडा होता, ज्याने त्याने आपल्या लाडक्या माणसासाठी नाचायचं. फुटबॉलवाला त्याच्या कुत्र्यासाठी नाचला. मग तू आलीस. इथल्याच समुद्राकाठी बाकावर बसून, वाऱ्यात केस उडताहेत, आणि डोळे टिपून म्हणतेस, "पहिलं पाऊल मला आईने शिकवलं. आज ती आपल्यात नाही. पण नाचताना वाटतं, कुठूनतरी बघतेय."

बघत होते, बाई. तिसऱ्या खुर्चीतून, मांडीवर चहा घेऊन.

हॉलमध्ये बेरिलचं बिस्किट चहात तुटून पडलं आणि ती ते काढायलाही विसरली. व्यवस्थापिका शीना धावत येऊन आवाज कमी करायला लागली, जसा काही आवाज कमी केला की मी थोडी जिवंत होणार होते. शेवटी मिस्टर एन्टविसल माझ्याकडे वळले आणि म्हणाले,

"एनिडबाई, कधी गेलात? कळवलं नाहीत."

मग जे हसू फुटलं! पंधरा म्हातारे, एकेकाच्या छातीत निम्मा श्वास, आणि हसून हसून रडले. मीही हसले. न हसून जाते कुठे?

आज सकाळी माझ्या दारात सांत्वनाचं कार्ड होतं. सगळ्यांच्या सह्या. "आपल्या अकाली निधनाबद्दल." जेवताना पलीकडच्या टेबलावरून कुणीतरी विचारलं, दफनानंतरच्या चहाला हॅमचे सँडविच आहेत ना, की नुसतीच काकडी. बेरिल म्हणाली, "चेहरा बाकी छान ठेवलाय हो त्यांनी हिचा." हे आता मी खरंच मरेपर्यंत चालणार.

मला लागलं, गेनॉर. हसले तरी लागलं. वर खोलीत जाऊन मी दार लावून बसले आणि शीना जेवायला बोलवायला आली तर तिच्यावर ओरडले.

आणि नाच? तेच तर सोसत नाही. नाच उत्तम झाला. मान होती, पाठ होती, पाऊल टाचेवरून तळव्यावर लोण्यासारखं उतरत होतं. प्रत्येक वळणाला तू श्वास घेतलास, तो मला इथे ऐकू आला. सगळ्यांनी दहा-दहा दिले आणि चष्मेवाला रडला. मी गेले आणि तुझा वॉल्ट्झ सुधारला.

तुझी आई


ब्लॅकपूल, सोमवार, ४ नोव्हेंबर

गेनॉर,

नीट वाच.

मिस्टर एन्टविसलांचा भाचा पेपरात आहे. ते विचारत होते, फोन करू का. मी म्हटलं, माझी मुलगी, माझी बातमी, मध्ये तोंड घालायचं नाही. पण नंबर मागून घेतला. "मेलेल्या आईने दार उघडलं" असा मथळा ते लोक पहिल्या पानावर आडवा छापतील, आणि शेजारी माझा फोटो, हातात चहाचा कप. मग तू आणि तुझा तो जोडीदार मात्याश खुशाल नाचा.

मला खुर्ची दे. पहिल्या रांगेत. खांबाआडची नको. एवढं केलंस की मी गप्प.

तुझी आई


ब्लॅकपूल, गुरुवार, १४ नोव्हेंबर

गेनॉर,

काल तू बोललीस आणि मी चहा केला, त्यामुळे माझं राहिलंच. ते आता सांगते.

दार उघडलं तर तू. मी म्हटलं, आत ये. तू आलीस, पण कोट काढला नाहीस. खुर्चीच्या कडेला बसलीस, ट्रेन सुटायची असल्यासारखी. चहाला हात लावला नाहीस. टीव्हीवर दिसतेस त्यापेक्षा म्हातारी दिसतेस, पण ते मी बोलले नाही, याची नोंद घे.

"मेली असं मी म्हटलंच नव्हतं," तू म्हणालीस. "आपल्यात नाही, एवढंच म्हटलं. त्यांनी समजायचं ते समजलं. मी समजू दिलं."

"का?"

"सोपं पडलं. आई जिवंत आहे आणि मी तिच्याकडे जात नाही म्हटलं, की लोक कारण विचारतात. मेलेल्या आईबद्दल कुणी काही विचारत नाही. माझ्या नवऱ्यालाही मी लग्नाआधी हेच सांगितलंय."

"कप तूच जिंकलीस," मी म्हटलं. कारण तू कशावर येणार ते मला दिसत होतं.

"बाबा गुरुवारी गेले. शनिवारी मी नाचले. तू मला सांगितलंस, ते दिव्यांच्या कामाला प्रेस्टनला गेलेत. त्या हॉलमधल्या प्रत्येक माणसाला माहीत होतं. परीक्षकांना, बँडवाल्यांना, कोट सांभाळणाऱ्या बाईला. मी वॉल्ट्झ करत होते आणि बायका डोळे पुसत होत्या. मला वाटलं, किती सुंदर नाचतेय मी आज."

"सुंदरच नाचत होतीस."

"आणि कप हातात दिल्यावर, गाडीत बसल्यावर, तू सांगितलंस. सतरा वर्षांची होते मी."

"आधी सांगितलं असतं तर नाचली नसतीस."

"नाही. नसते नाचले."

"मग?"

तू माझ्याकडे अशी बघत राहिलीस, जसं मी काही परक्या भाषेत बोलले. आता ऐक माझं. ती स्पर्धा वर्षातून एकदा येते आणि सतराव्या वर्षाची एकदाच. माणूस गेला तो गेला. त्याला शनिवारी रडलं काय आणि रविवारी काय, तो काही उठून बसणार नव्हता. त्या हॉलमधल्या लोकांनी तोंडं मिटून ठेवली ती माझ्या धाकाने नाही. ते सगळे नाचणारे लोक होते. त्यांनाही हेच बरोबर वाटलं. कुणाचंही पोर असतं तर त्यांनी हेच केलं असतं, आणि मीही त्यांच्या पोरांसाठी तोंड मिटलं असतं.

काल तू मात्र सरळ खुर्चीच्या विषयावर आलीस. म्हणालीस, "खुर्ची मिळेल. पण माझी पहिली शिक्षिका म्हणून. मिस एनिड. आईची खुर्ची त्यांनी रिकामी ठेवायची ठरवलीय, तिच्यावर लिली ठेवणार आहेत. तुझी तिच्या शेजारची."

"मी माझ्याच शेजारी बसू?"

"नको असेल तर जा पेपरवाल्याकडे. मग मी कारण सांगेन."

मी हो म्हटलं. घाबरून नाही. मला बसायचं होतं, म्हणून.

तू गेल्यावर तुझा चहा मी प्याले. इतक्या वेळात तू मला एकदाही आई म्हटलं नाहीस. मी मोजत नव्हते, पण ध्यानात येतं.

तुझी आई


ब्लॅकपूल, रविवार, १७ नोव्हेंबर

गेनॉर,

स्टुडिओतून तुला आता काही पत्रं पोचणार नाहीत, तरी तिथेच पाठवते. दुसरं कुठे पाठवू?

मी काल चांगलंच बोलायचं ठरवून आले होते. बेरिलने माझे केस बसवले, शीनाने तिच्या गाडीतून सोडलं. बॉलरूमच्या दारातल्या पोऱ्याने यादीत बघून म्हटलं, "मिस एनिड? या, या, तुम्ही तर घरच्याच." त्या छताखाली मी पुन्हा शिरले आणि माझे गुडघे हलके झाले. खुर्ची पहिल्या रांगेत, मधोमध. डावीकडे माझी दिवंगत मी, लिलीचं फूल आणि चिठ्ठी. उजवीकडे तुझी सासू.

मोयरा बरी बाई आहे. तिने लगेच माझे हात धरले. "तुम्हीच का त्या! आमच्या गेनॉरला तुम्ही घडवलंत. आईचं ती कधी बोलत नाही हो. फार जिव्हारी लागलंय तिच्या."

"हो का," मी म्हटलं.

मग सुरू व्हायच्या आधी तू रांगेपाशी आलीस. नवऱ्याला मिठी मारलीस. मोयराच्या गालाचा मुका घेतलास आणि म्हणालीस, "आई, पाणी घेतलंस ना? इथे उकडतं." माझ्याशी हात मिळवलास. "आलात, मिस एनिड. बरं वाटलं."

तू ते मुद्दाम केलंस की सवयीने, मला माहीत नाही. सवयीने केलं असशील तर जास्त वाईट. तिथून पुढे माझं ठरवलेलं काही राहिलं नाही.

क्विकस्टेप तुफान झाला. मी उभी राहून टाळ्या वाजवल्या, ते खोटं नव्हतं. परीक्षकांनी भरभरून दिलं. आणि मग ती चमचमत्या झग्यातली निवेदिका माइक घेऊन आमच्या रांगेशी आली, लिलीकडे बघून तिने तोंड लांब केलं आणि मला विचारलं, "मिस एनिड, तुम्ही गेनॉरच्या आईला ओळखत होतात? कशा होत्या त्या?"

मी म्हटलं, "चांगली ओळखत होते. पोरीला सगळं तिनेच शिकवलं, मी नुसती ताल मोजायला. कडक होती. शेवटी एकटीच होती बिचारी. इथेच राहायची, या हॉलपासून दहा मिनिटांवर. लेक शूटिंगला ब्लॅकपूलला यायची, समुद्रावर फोटो काढून घ्यायची, पण तिचं दार काही कधी वाजवलं नाही. म्हातारी दर शनिवारी टीव्हीसमोर बसून असायची, लेक दिसते म्हणून."

निवेदिकेचा हात माइकसकट खाली आला. तू मात्याशच्या शेजारी उभी होतीस आणि तुझ्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं होतं, कुणी काढून घ्यायला विसरल्यासारखं.

या देशात काय वाटेल ते माफ आहे. चोरी माफ, छिनाली माफ, बागकामवाल्याचा सांबासुद्धा माफ. म्हाताऱ्या आईला टाकलेलं माफ नाही, निदान शनिवारी संध्याकाळी नाही. मतं मोजली आणि तू तळाला. बागकामवाला राहिला, तू बाहेर.

मी सूड घेतला असं तुला वाटत असेल. घेतलाच. पण पुढचं तुझ्या लक्षात आलं नाही, की आलं होतं? मी तुला दार उघडून ठेवलं होतं, गेनॉर. बाहेर जाणाऱ्याच्या हातात माइक देतात, हे मला माहीत होतं. तुला एक वाक्य बोलायचं होतं. "ही बघा माझी आई. मेलीबिली काही नाही, आणि जीभ अशी आहे म्हणून मी दार वाजवत नाही." हॉल हसला असता. लोकांनी आपल्या दोघींना डोक्यावर घेतलं असतं, तुला परत आणा म्हणून पेपरांनी ओरड केली असती. मी उठायच्या तयारीत होते. झगा सारखा केला होता, पर्स फुलाशेजारच्या मोकळ्या जागेत ठेवली होती.

निवेदिका म्हणाली, "गेनॉर, मिस एनिड जे बोलल्या त्यावर तुला काही सांगायचंय? मनावर घेऊ नकोस, वेळ घे."

तू वेळ घेतला नाहीस. सरळ माझ्याकडे बघितलंस आणि स्वच्छ आवाजात म्हणालीस, "त्या म्हणाल्या ते खरं आहे. माझी आई शेवटी एकटी होती आणि मी गेले नाही. तिला आणखी दहा वर्षं मिळाली असती, तरी मी गेले नसते."

त्या हॉलमध्ये मी हुर्यो कधी ऐकली नव्हती. तिथे लोक हरणाऱ्यालाही टाळ्या देतात. काल वरच्या सज्जातून सुरू झाली आणि खालपर्यंत आली. तू मात्याशचा हात धरून त्यातून चालत गेलीस, वाकलीस नाही, वळली नाहीस. तुला दोन वाक्यांत स्वतःला वाचवता आलं असतं. बाबांचं सांगितलं असतंस तरी मीच हॉलमधून तोंड लपवून गेले असते. तू ते नाही केलंस. मी जिवंत आहे असं म्हणण्यापेक्षा तुला सगळ्या देशाची नालस्ती परवडली.

मोयरा रडत होती. तिचा मुलगा आत तुझ्यामागे धावला आणि आम्ही दोघीच रांगेत उरलो. तिने माझा हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला होता, सोडेचना.

"तुम्ही खरं तेच बोललात हो, तुमचा काय दोष," ती म्हणाली. "पण काय बोलली ही पोर! एका परीने बरंच झालं, तिची आई हे ऐकायला नाही."

मी म्हटलं, "हो. बरं झालं."

तुझी आई